जुनं घ्यायचंय? आधी उलटं करून बघा

मे महिना आला की बदल्या होतात, हॉस्टेलची पोरं रूम सोडतात, कुणी रिटायर होऊन पुण्याला मुलाकडं जातंय, आणि मग अंगणात नाहीतर पार्किंगमध्ये सामान मांडून विकायचं चालू होतं. त्यामुळं ह्या वेळी जुन्या वस्तूंवरचे प्रश्न मागवले होते. भरपूर आलेत, सारखे होते ते एकत्र केलेत. काहींनी नाव छापू नका म्हटलंय, म्हणून कुणाचंच छापलं नाही, फक्त कोल्हापुरातला भाग लिहिलाय.

प्रश्न : ताई, आमच्या मागच्या गल्लीतले काका-काकू घर विकून पुण्याला चाललेत. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आलाय की रविवारी सकाळी ९ पासून अंगणात सामान मांडणार, ज्याला जे पाहिजे ते बघून न्या. जायचंय, पण रोज दिसणाऱ्या माणसांशी घासाघीस करायची लाज वाटते. आणि काय घ्यावं, काय नको ह्याचाही अंदाज नाही. (रुईकर कॉलनी)

उत्तर : जा की. ९ म्हटलंय तर ९ लाच जा, ८ ला जाऊन बेल वाजवू नका, काकू अजून कपाट रिकामं करत असतात आणि त्या गडबडीत तुम्ही दारात उभ्या, बरं दिसत नाही. चांगल्या वस्तू पहिल्या तासात जातात हे खरंय, पण भाव उतरतो तो शेवटच्या तासात, कारण तोपर्यंत त्यांच्या लक्षात आलेलं असतं की उरलेलं एकतर टेम्पोत घालून पुण्याला न्यायचं नाहीतर भंगारवाल्याला द्यायचं. म्हणून एखादी ठरावीक वस्तूच पाहिजे असेल तर लवकर, आणि कुंड्या, डबे, स्टूल, बादल्या असलं सटरफटर बघायचं असेल तर दुपारी बाराला जा.

निघायच्या आधी घरात टेप फिरवा. जागेचं माप तर घ्याच, पण दाराचं आणि जिन्याचंही घ्या. आपल्या पेठांमधली जुनी घरं बघा, बोळ अरुंद, जिना उभा, कपाट गल्लीपर्यंत झोकात येतं आणि जिन्याच्या वळणावर अडकतं. मग छोटा हत्तीवाला वेटिंग मागतो, हमाल वेगळे मागतात आणि दोन हजाराचं कपाट साडेतीन हजाराला पडतं. हे सगळं किमतीत आधीच धरायचं.

तिथं गेल्यावर पहिलं काय विचारायचं? लोक "किती?" विचारतात. मी म्हणते आधी "का देताय ओ?" विचारा. "पुण्यात टू बीएचके आहे, बसत नाही" हे चांगलं उत्तर. "नवीन घेतलं, एक्स्चेंजमध्ये काही मिळत नव्हतं" हेही चालतंय. "असंच, वापरात नव्हतं" म्हणाले की थांबायचं, कधीपासून वापरात नाही आणि बंद का ठेवलं ते विचारायचं. सेकंडहँडमध्ये वस्तूपेक्षा विकायचं कारण बघावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण वस्तू पुसून चकचकीत करता येते, विकायचं कारण तेवढं पुसता येत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला बाहेर येतंच.

आता घासाघीस. ओळखीत भाव पाडायचाच नाही, एकत्र घ्यायचं. चार वस्तू बाजूला काढा आणि "काकू, हे सगळं मिळून कितीला देता?" एवढंच विचारा, त्या स्वतःच कमी करतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. आणि भाव कमी व्हावा म्हणून वस्तूला नावं ठेवू नका. त्या कपाटात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे शालू ठेवलेले असतात, तुम्ही तिथं "पॉलिश गेलंय, दार करकरतंय" सुरू केलं की त्या भाव तर कमी करत नाहीतच, वर वस्तूच द्यायची नाही म्हणतात. नेटवर्क नसतंय म्हणून सुट्टे पैसे घेऊन जा. ठरलं की पैसे देऊन लगेच उचला, "संध्याकाळी नेते" म्हटलेली वस्तू संध्याकाळी नसते.

काय घ्यावं? सागवानी लाकूड, पितळ-तांबं, शिलाई मशीन, लोखंडी हत्यारं. हत्यारांचं मुद्दाम सांगते. आपलं गाव फौंड्री आणि मशीनशॉपचं, उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला उभी हयात काढलेली माणसं घरोघरी आहेत, आणि अशा रिटायर फिटरच्या घरातला पान्ह्यांचा सेट नाहीतर बेंच व्हाइस मिळाला तर डोळे झाकून घ्या, आता दुकानात त्या वजनाचा माल त्या पैशात येत नाही.

लाकूड ओळखायचं तर ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. पुढून सगळंच सागवानासारखं दिसतंय, सनमायका लावला की झालं. ड्रॉवरच्या खाली आणि मागं कुणी सजावट करत नाही, तिथं खरं काय ते दिसतं. भुशाचा बोर्ड असला तर पायाजवळ पाणी लागून फुगलेला असतो आणि बिजागरीचे स्क्रू हाताने हलतात, तो घेऊ नका, फुकट दिला तरी नको, कारण एकदा उचलला की तो दुसऱ्यांदा जुळत नाही. खाली बारीक पिवळी पूड पडलेली दिसली तर आत किडा आहे. आणि कपाट टेकवलेलं असेल तर पुढं ओढून पाठ बघा, वाळवीची मातीची रेघ तिथंच सापडते.

एक गोष्ट नक्की घेऊ नका, भरलेला गॅस सिलिंडर. घर आवरताना लोक म्हणतात "हा पण घेऊन जा, रेग्युलेटरसकट देतो." सिलिंडर आणि रेग्युलेटर कंपनीच्या मालकीचे असतात, कनेक्शन घेताना आपण फक्त डिपॉझिट भरतो, त्यामुळं ते विकताही येत नाहीत आणि विकतही घेता येत नाहीत. उलट काकूंनाच सांगा की एजन्सीत कनेक्शन जमा करा नाहीतर ट्रान्सफर करून घ्या, जमा केलं तर डिपॉझिट परत मिळतं.

प्रश्न : एक डबल डोअर फ्रिज ६,००० ला मिळतोय. मालक म्हणतात पाच वर्षं वापरलाय, एकदम चालू कंडिशन. पण आमचे दाजी म्हणाले "पुरातला नाही ना ते बघ." हे बघायचं कसं? (कसबा बावडा)

उत्तर : दाजी हुशार आहेत तुमचे. बाहेरगावच्या माणसाला हा प्रश्न सुचणारच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैमध्ये ५६ च्या वर, आणि धोक्याची पातळी आहे ४३. किती घरात पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय. फ्रिज पाण्यात चक्क तरंगतो, आडवा होतो, मग पाणी उतरलं की लोकांनी धुऊन, वाळवून, मेकॅनिककडनं चालू करून घेतले. त्यात लपवायचं काही नाही, परिस्थितीच तशी होती. सांगून विकलं आणि त्या हिशोबानं भाव लावला तर माझी काही तक्रार नाही. न सांगता विकतात तेव्हा प्रश्न येतो.

आता बघायचं कुठं. पुढचं दार विसरा. फ्रिज भिंतीपासून ओढा आणि पाठीमागं खाली टॉर्च मारा, कंप्रेसर जिथं बसवलाय तिथं. पुराचा गाळ इतका बारीक असतो की तो स्क्रूच्या खाचेत, वायरच्या गुंडाळीत, खालच्या पाण्याच्या ट्रेच्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि वाळून राखट तपकिरी होतो, धुतला तरी पूर्ण निघत नाही. साध्या धुळीला बोट लावलं तर पुसली जाते, गाळ नखानं खरवडावा लागतो. मग दाराचं रबर घडीतून उघडून आत बोट फिरवा. स्क्रू सगळे एकाच उंचीपर्यंत गंजलेत आणि वरचे चकाकतायत असं दिसलं तर समजून जा. आणि दार लावून पाच मिनिटं थांबा, मग उघडल्या उघडल्या वास घ्या. बाहेरचा पत्रा आणि आतलं प्लास्टिक ह्याच्यामध्ये फोम भरलेला असतो, त्यात एकदा घाण पाणी मुरलं की कुबट वास जात नाही आणि कूलिंगही पहिल्यासारखं होत नाही, कंप्रेसर सारखा चालू राहतो.

मालकांचे "पाच वर्षं" पण तपासून घ्या. आत किंवा मागं स्टिकर असतो, त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतंय. तिथंच कूलिंगच्या गॅसचं नाव असतं. आर-१२ लिहिलं असेल तर विषय सोडा, तो गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून २०१० पर्यंत आपल्याकडं बंद झाला, एवढा जुना फ्रिज घेऊन करायचं काय. आर-६००ए असेल तर चांगलाच आहे, फक्त तो गॅस ज्वलनशील असतो, म्हणून रिपेअरला त्यातलं कळणाराच मेकॅनिक बोलवायचा.

चालवून बघताना आधीच गार झालेला फ्रिज बघून खूश होऊ नका. आदल्या रात्री बंद करून ठेवायला सांगा, तुमच्यासमोर चालू करू दे आणि अर्धा तास चहा घेत बसा. फ्रीझर तेवढ्यात चांगला गार लागायला पाहिजे. दारात दहाची नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर गेलंय, ते बदलता येतं, तेवढे पैसे कमी करून मागा. घरी आणताना आडवा घातला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा, लगेच बटण दाबायचं नाही.

आणि लाइट बिल. पाच स्टार बघून भुलू नका, स्टारचे निकष मधे मधे कडक होतात, म्हणून लेबलवर वर्ष छापलेलं असतं, जुने पाच आजचे पाच नसतात. त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा असतो, तो नवीन फ्रिजच्या आकड्याशी ताडून बघा. समजा जुन्याला वर्षाला १५० युनिट जास्त लागतात आणि युनिट ८ रुपयाला धरलं तर झाले १,२०० रुपये वर्षाचे. पाच वर्षात तुमचा ६,००० चा फ्रिज १२,००० चा होतो, मग नवीनच का नको हा विचार घरात बसून करा, अंगणात उभं राहून नको.

प्रश्न : मला ब्लाउज शिवायला सुरू करायचंय, नवीन मशीनला बजेट नाही. ओळखीतल्या एकींकडं जुनी पायमशीन आहे, घेऊ का? (संभाजीनगर)

उत्तर : घ्या. जुन्या वस्तूत सगळ्यात कमी फसवणारी वस्तू म्हणजे काळी लोखंडी पायमशीन. सुई, बॉबीन, शटल, पट्टा सगळं कुठल्याही मशीनच्या दुकानात मिळतं आणि कारागीर पण आहेत अजून.

फक्त जाताना तुमचा दोरा, एक पातळ कापडाचा तुकडा आणि एक जीन्सचा तुकडा घेऊन जा. त्यांनी मशीनवर लावून ठेवलेल्या कापडावर टाका चांगलाच येणार, सेटिंगच तशी केलेली असते. पातळ कापडावर शिवा, मग जीन्सची घडी घालून चार थरावर शिवा, टाका वरून आणि खालून दोन्हीकडं सारखा दिसला पाहिजे, मध्येच सुटायला नको. आधी दोरा न लावता चाक हातानं हळू फिरवा, एका जागी अडखळतंय का बघा. चाक धरून आत-बाहेर हलवा, खडखड हललं तर शाफ्ट झिजलाय, तो खर्च मोठा. सुईखालच्या पट्टीवर भोकाभोवती ओरखडे भरपूर असतील तर सुया तुटत होत्या असं समजायचं, पट्टी स्वस्तात बदलते पण सुया का तुटत होत्या ते विचारा. आणि हो, डोकं मागं पाडून खालची बाजू बघाच, तेल घातलेलं आहे का गंजलंय ते तिथंच कळतं.

प्रश्न : तांब्याचा बंब आणि दोन पितळी पातेली बघून ठेवलीत. त्या बाई किलोवर भाव सांगतात. शिवाय भांड्यांवर त्यांच्या सासूबाईंचं नाव आणि साल घातलंय. दुसऱ्याचं नाव असलेलं घ्यावं का? (मंगळवार पेठ)

उत्तर : नावाचं आधी सांगते, मला तर नाव असलेलं भांडं जास्त आवडतं. पूर्वी भांड्यावर नाव, साल, कधी कधी कुणी कुणाला दिलं तेही घालायचे, पुढं जाऊन ते पुसायचा खटाटोप करू नका, घासून खड्डा पडतो आणि भांडं वाईट दिसतं. तुम्हाला खटकत असेल तर नकाच घेऊ. पण घेताना बाईंना एकदा विचारा, "तुमच्या घरात कुणाला नकोय ना?" पुष्कळदा सून विकते आणि नंतर नणंद येते मागायला, मग तुम्ही मधे.

भावाचं म्हणाल तर त्याच दिवशी सकाळी भांड्यांच्या दुकानात पितळेचा आणि तांब्याचा मोडीचा दर विचारून घ्या, तो रोज बदलतो. मोडीचा दर ही तळाची किंमत, त्याच्या खाली बाई देणार नाहीत आणि द्यावं अशी अपेक्षाही करू नये. नवीन भांड्याचा दर ही वरची. मधे कुठंतरी ठरवा. वजन मात्र तुमच्यासमोर, आणि बंबाची लोखंडी जाळी, पाय, कड्या काढून, नाहीतर लोखंड तांब्याच्या भावानं घ्याल. पर्समध्ये लोहचुंबक ठेवा. पितळ, तांबं चुंबकाला चिकटत नाही, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. हलकं पांढरट जर्मनचं भांडंही चिकटत नाही, पण ते वजनावरून लगेच ओळखू येतं.

बंबात पाणी भरून तासभर ठेवायला सांगा, झिरपतंय का कळेल. पातेल्याला डाक लावून बुजवलेलं भोक असेल तर ते स्वयंपाकाला घेऊ नका, जुन्या डाकेत शिसं असू शकतं, दारात फुलं तरंगवायला वापरा. स्वयंपाकाची भांडी वापरायच्या आधी कल्हई करून घ्यायचीच. कल्हई गेलेल्या पितळेत ताक, चिंच, कोकम, टोमॅटो घातलं की पदार्थ कळकतो, तांब्याचा अंश अन्नात उतरतो आणि पोट बिघडतं. कल्हईवाला आता दारावर क्वचित येतो, तेव्हा आधी तो शोधा मग पातेली घ्या. चांदीचं काही दाखवलं तर अंगणात व्यवहार नको, दोघींनी मिळून गुजरीत सराफाकडं जाऊन तपासून घ्या, तिथं पाच मिनिटाचं काम आहे.

प्रश्न : रूमवरचा एकजण फोन विकतोय, मार्केटपेक्षा निम्म्या किमतीत. बिल हरवलंय म्हणतो. घेऊ का नको? (राजेंद्रनगर)

उत्तर : भावा, निम्मी किंमत आणि बिल नाही, ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबायचं. तरी तपास करायचा तर सोपा आहे. फोनवर स्टार हॅश ०६ हॅश डायल कर, १५ आकड्यांचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो. दोन सिमचा फोन असेल तर दोन येतात, दोन्ही घे. मग मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरात के वाय एम टाइप करून जागा सोड, नंबर घाल आणि १४४२२ ला पाठव. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरही हेच बघता येतं, ते २०२३ पासून चालू आहे. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज आलं तर फोन परत देऊन चहा पिऊन ये. उत्तरात कंपनी आणि मॉडेल येतं, ते हातातल्या फोनशी जुळतंय का तेही बघ.

जुळलं तरी त्याच्या समोर त्याचं अकाउंट त्यालाच काढायला लाव आणि फोन रिसेट करून परत चालू कर. रिसेटनंतर जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला आणि त्याला तो येत नसेल, तर फोन त्याचा नाहीच. नुसतं स्क्रीनवर सगळं चालतंय बघून पैसे देणारे पुष्कळ आहेत, मग घरी येऊन फोन लॉक.

साध्या कागदावर लिहून घे, कोण विकतंय, आयएमईआय, किंमत, तारीख, सही, सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. द्यायला कुरकुर केली तर तुला उत्तर मिळालं. चोरीची वस्तू आहे हे माहीत असून, किंवा तशी शंका यायला कारण असूनही घेतली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही अडकतो, आधी हे भारतीय दंड संहितेचं (आयपीसी) कलम ४११ होतं. आणि निम्म्या किमतीत बिलाशिवाय फोन घेतलेल्या माणसानं "मला शंकाच आली नाही" म्हटलं तर पोलीस काय म्हणतील ते तूच बघ.

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीला असते, तिच्या बाळंतपणाला चाललेय. ती म्हणते तिकडं शनिवारी लोक घरापुढं सामान मांडतात, यार्ड सेल म्हणतात, बाळाचं सगळं तिथंच घेऊ. जुनं घ्यावं का बाळाला? आणि येताना तिथनं एखादा स्वस्त मिक्सर आणावा म्हणते. (ताराबाई पार्क)

उत्तर : आधी अभिनंदन! बाळाला जुने कपडे घालायची तर आपल्याकडं पद्धतच आहे, मऊ असतात, अंगाला टोचत नाहीत. तिकडं पोरं भराभर वाढतात आणि कपडे तसेच राहतात, त्यामुळं कपडे, पुस्तकं, लाकडी ठोकळे, बाबागाडी बिनधास्त बघा. लवकर जा, रोख डॉलर सुट्टे ठेवा. घासाघीस तिथंही चालते, त्यामुळं तुम्हाला परकं वाटणार नाही.

पण तीन वस्तूंत सांभाळा. एक, पाळणा. ज्याची एक बाजू खाली सरकवता येते असा पाळणा अजिबात नको, त्यात बाळं अडकून दगावली, म्हणून अमेरिकेत जून २०११ पासून तो विकायलाच बंदी आहे, जुना सुद्धा. तरी लोकांच्या गॅरेजमध्ये पडून असतात आणि मग अंगणात येतात. दोन, गाडीतली बाळाची सीट. तिच्यावर मुदत छापलेली असते आणि एकदा अपघात झालेली सीट वरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते, अनोळखी माणसाकडनं नको, ही नवीनच घ्या. तीन, रंगवलेली जुनी खेळणी नाहीतर फर्निचर. शिसं असलेल्या रंगावर तिथं १९७८ मध्ये बंदी आली, त्याच्या आधीचा रंग पोपडे धरत असेल तर बाळ तेच तोंडात घालणार. कंपनीनं परत मागवलेल्या वस्तूंची यादी तिथल्या कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनच्या साइटवर असते, मुलीला मॉडेल नंबर टाकून बघायला सांगा, दोन मिनिटाचं काम.

मिक्सरचं डोक्यातनं काढा. तिथं करंट १२० व्होल्ट, आपल्याकडं २३०. तिथला मिक्सर इथं लावला तर चटणी वाटायच्या आत मोटर जळणार. ट्रान्सफॉर्मर लावून चालतो म्हणतात लोक, पण तो ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड आणि महाग. आणि खरं सांगू का, आपला कांदा-लसूण मसाला आणि ओलं खोबरं वाटायला आपलाच मिक्सर लागतो.

प्रश्न : सोफा घेतोय, गादी पण फुकट देतायत. घर सहा महिने बंदच होतं त्यामुळं ढेकूण असायचा प्रश्न नाही असं मालक म्हणतात. (फुलेवाडी)

उत्तर : बंद घराचं कारण चालत नाही. ढेकूण न खाता महिनोन् महिने राहतो, माणूस आला की जागा होतो. गादी फुकट असली तरी नको, उशाही नकोत.

सोफा बघताना टॉर्च आणि जुनं एटीएम कार्ड घेऊन जा. शिवणीच्या कडेनं कार्ड फिरवा, उशा काढून कोपरे बघा, मग सोफा उलटा करून खालचं काळं कापड एका बाजूनं उचका. पेनानं टिंब दिल्यासारखे काळे डाग आणि पारदर्शक फोलपटं दिसली की निघायचं. नुसती लाकडी फ्रेम चांगली असेल आणि कापड, फोम दोन्ही बदलणार असाल तर विचार करा, पण आधी कुशनवाल्याला फोटो पाठवून खर्च विचारा, पुष्कळदा तो सोफ्याच्या किमतीपेक्षा जास्त निघतो. पावसाळ्यात तर सोफा घेऊच नका, आपल्याकडच्या पावसात ओला फोम दिवाळीपर्यंत वाळत नाही.

प्रश्न : एमपीएससीची जुनी पुस्तकं किलोवर मिळतायत, अख्खा सेट घेऊ का? (शिवाजी विद्यापीठ परिसर)

उत्तर : सेट नको, निवडून घे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून लेखी उत्तरांची झालीय, त्यामुळं जुन्या मुख्यच्या ऑब्जेक्टिव्ह प्रश्नसंचांना आता रद्दीचाच भाव. इतिहास, भूगोल, मराठी व्याकरण ह्यांची मूळ पुस्तकं चालतात. अर्थशास्त्र आणि चालू घडामोडींचं जुनं काही घेऊ नको. कायद्याचं पुस्तक असेल तर १ जुलै २०२४ नंतरचं आहे का बघ, त्या दिवसापासून आयपीसीच्या जागी न्याय संहिता आली आणि सगळे कलम नंबर बदलले. दुसऱ्याच्या अंडरलाइनवर अभ्यास करू नको, त्यानं काय सोडलंय ते तुला कळत नाही.

प्रश्न : जुना प्रेशर कुकर घेतला तर चालेल का? चांगल्या कंपनीचा आहे, ३०० रुपयाला. (उचगाव)

उत्तर : नको. तळ फुगलाय का, झाकणाचा कान झिजलाय का हे डोळ्यांनी नीट कळत नाही, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह कधी बदललाय ते त्यांनाही आठवत नसणार. घरच्या कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तो बघून छोटा का होईना नवीन घ्या. त्या ३०० रुपयात तिथलीच लोखंडी कढई मिळाली तर ती घ्या, गंज असला तरी चालतोय, घासून, तेल लावून दोन-तीनदा तापवली की होते नीट.